हा वास उसाचा न्हवं!

डोळ्यांवर पट्टी बांधून कोणी मला निपाणीहून बेळगावला नेले, तर गाडी कोठवर आली ते मी नुसत्या नाकाने सांगेन, अशी माझी जुनी फुशारकी होती. तीत थोडेफार तथ्यही आहे. आपल्या भागातला हा पाऊणशे किलोमीटरचा रस्ता म्हणजे वासांची रांगच आहे. निपाणीत तंबाखूच्या वखारींचा तो कडवट, नाकात झिणझिण्या आणणारा वास. गाव कर्नाटकात आणि देवचंद कॉलेज शेजारच्या अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात. पण वखारीच्या वासाला सीमा कोण दाखवणार? तो दोन्हीकडे सारखाच पोचतो. मग तवंदीचा घाट, स्तवनिधीचा गार वारा. संकेश्वर आले की गळीत हंगामात हिरण्यकेशी कारखान्याच्या मळीचा गोडसर, आंबूस वास. पुढे हत्तरगी, यमकनमर्डी, वंटमुरीचा घाट, होनगा, काकती आणि शेवटी बेळगाव. शहरात शिरून खडेबाजारच्या बाजूला गेलो की एखाद्या मिठाईच्या दुकानातून आटवलेल्या दुधाचा, कुंद्याचा खरपूस वास आलाच म्हणून समजा.

या फुशारकीनेच गेल्या जानेवारीत माझा घात केला. रस्त्यावरचे वास पाठ असल्यामुळे गाडीतला वास मला ओळखता आला नाही. ती हकीकत सांगावी, आणि त्यानिमित्ताने गाडी चालवताना येणारे वेगवेगळे वास काय सांगतात तेही चार शब्दांत लिहावे, म्हणून हा लेखप्रपंच.

माझ्या मामांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन बेळगावात ठरले होते. मामांचे वय अठ्ठ्याहत्तर. उजव्या डोळ्याने जवळजवळ दिसेनासे झालेले. सकाळी दहाला हजर राहा, असे दवाखान्याने सांगितले होते. आम्ही सातला निपाणी सोडली. मी गाडीवर, शेजारी माझी पत्नी, मागे मामा घोंगडे पांघरून बसलेले. पत्नी हुक्केरीची, तिच्या माहेरी कन्नड. त्यामुळे आमच्या घरात वाक्य मराठीत सुरू होते आणि कन्नडमध्ये संपते, हे आपल्यापैकी बहुतेकांना नवीन नसावे.

थंडी कडक होती. मामांचे पाय गारठले म्हणून त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मी हीटर लावला. तवंदीचा घाट चढून गेलो. कणगला मागे पडले. संकेश्वरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि नेहमीचा गोड वास आला. पत्नीने काच वर केली. संकेश्वर मागे पडले, हिरण्यकेशीचा पूल गेला, हत्तरगी आले, तरी वास तसाच.

“री, ही सिहि वासने अजून कशी?” पत्नीने विचारले.

“ऊसच ऊस आहे सगळीकडे,” मी म्हणालो.

मागून मामा म्हणाले, “अरं, ह्यो वास उसाचा न्हवं.”

आता मामा कोण, ते सांगायला हवे. मामा उमेदीची चाळीस वर्षे गुऱ्हाळावर गुळव्या होते. चुलवाणावर काहिलीत रस उकळत असतो, काकवी होते, आणि मग एक क्षण असा येतो की काहील उतरवली नाही तर गूळ करपतो आणि आधी उतरवली तर ढेप बसत नाही. तो क्षण ओळखणे हे गुळव्याचे काम. रसाचे बुडबुडे, उलथन्यावरून पडणारी तार आणि वास, एवढ्याच त्याच्या खुणा. पंचक्रोशीत मामांना त्यासाठी बोलावून नेत. असा माणूस उसाच्या वासाबद्दल बोलत होता आणि मी, ज्याने आयुष्यात गूळ फक्त खाल्ला, त्यांना म्हणालो, “मामा, मळीचा वास गुळासारखा नसतो.”

“मळी काय मला ठावं न्हाई व्हय? उसाचा वास घशाखाली उतरतोय. ह्यो नाकातच चिकटून बसलाय. आणि तुझी काच बघ की, कशी धुरकाटली हाय.”

समोरच्या काचेवर आतून धुके जमले होते खरे. फडक्याने पुसले तर ते जाईना, उलट तेलकट फराटे उमटले. मला वाटले, थंडी आहे, तिघांचा श्वास आहे. यमकनमर्डीच्या पुढे चढ सुरू झाला. वंटमुरीच्या घाटात एका ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये जात असताना सहज लक्ष गेले, तर टेंपरेचरचा काटा वरच्या तांबड्या रेषेला टेकलेला. गाडी बाजूला घेईपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली.

मी घाईघाईने बॉनेट उघडले, हाताला फडके गुंडाळले आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच पाठीमागून कोणीतरी ओरडले, “मुच्चळा तगीब्याड्री! सुडतैती!” मागे थांबलेल्या टेंपोचा ड्रायव्हर धावत आला आणि त्याने माझा हात धरला. त्याच्या स्वतःच्या मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. त्याने काही समजावून सांगितले नाही, फक्त तो हात माझ्यापुढे धरला. मला पुरेसे समजले.

पाणी शंभर अंशाला उकळते, हे आपण शाळेत शिकलो. पण गाडीच्या रेडिएटरमध्ये ते दाबाखाली असते, त्यामुळे शंभराच्या वर तापूनही उकळत नाही. झाकण उघडले की दाब एकदम जातो, त्याच क्षणी त्या पाण्याची वाफ होते आणि कारंज्यासारखी उसळून तोंडावर, हातावर येते. म्हणून इंजिन बंद करायचे, बॉनेट जपून उघडे ठेवायचे आणि झाकणाला हात लावता येईल इतके थंड होऊ द्यायचे. अर्धा-पाऊण तास लागतो. तापलेल्या इंजिनात गार पाणीही एकदम ओतू नये. धातूला तडा जाऊ शकतो.

आम्ही पाऊण तास बसलो. मामा रस्त्याकडेच्या दगडावर बसून होते. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मागच्या पायपुसणीवर बोट फिरवले आणि वास घेऊन माझ्या नाकासमोर धरले. चिकट, गोड वास. तो कूलंटचा होता.

गाडीतला हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनातले गरम कूलंट त्यातून फिरते आणि त्यावरून येणारी हवा आपल्याला ऊब देते. हा छोटा रेडिएटर गळू लागला की कूलंटची वाफ आत येते. मग गोड वास, काचेवर न पुसले जाणारे तेलकट धुके आणि पायाशी चिकट ओल, अशा तीन खुणा दिसतात. तिन्ही माझ्या डोळ्यांसमोर होत्या. शिवाय आदल्या महिन्यात कूलंटच्या डब्यात मी दोनदा पाणी भरले होते. बंद यंत्रणेतले पाणी कमी होते म्हणजे ते कोठेतरी जाते, एवढा साधा हिशेब मी केला नव्हता.

कूलंटमध्ये सहसा एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीलाही गोड आणि पोटात गेल्यास विषारी. अंगणात सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि मरतात. म्हणून सांडले तर भरपूर पाण्याने धुऊन काढावे आणि उरलेला डबा मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये.

टेंपोवाल्याने ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला. तो काकतीकडून मोटारसायकलवर आला. त्याने हीटरला जाणारे आणि येणारे दोन्ही पाइप काढले, एका तुकड्याने एकमेकांना जोडले, क्लिपा आवळल्या, म्हणजे हीटर वाटेतून वगळला. मग थंड झालेल्या इंजिनात पाणी भरले. “आता हीटर नाही, पण बेळगाव गाठाल. तिथे सगळे नीट बसवून घ्या,” तो म्हणाला. तो मराठी बोलत होता, टेंपोवाला कन्नड, आणि दोघांना एकमेकांचे सगळे कळत होते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. त्या दिवसाची यादी भरली होती. पुढची तारीख बारा दिवसांनी मिळाली. बारा दिवस मामा त्या एका डोळ्यावर घरात चाचपडत राहिले, आणि एकदा उंबऱ्याला अडखळून पडले. थोडक्यात निभावले. गाडीची दुरुस्ती काय, पैशांनी झाली. पण ‘ह्यो वास उसाचा न्हवं’ हे चाळीस वर्षांच्या गुळव्याचे वाक्य मी कानाआड केले, त्याची भरपाई कशाने करणार?

नंतर मी या विषयाचे थोडे वाचन केले. आपल्या नाकाला एक खोड आहे. एकच वास काही मिनिटे येत राहिला की नाक त्याची दखल घेईनासे होते. म्हणून आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला येतो. वास ओळखण्याची ही यंत्रणा कशी चालते, नाकातल्या ग्राहक पेशी मेंदूला काय सांगतात, हे उलगडल्याबद्दल रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गाडी चालवणाऱ्याने यातून घ्यायचा धडा सोपा आहे. गाडीत नव्याने बसणारा माणूस ‘कसला वास येतोय?’ म्हणाला, तर त्याला ‘काही नाही हो’ म्हणून गप्प करू नये. त्याचे नाक ताजे असते. स्वतःला शंका आली तर गाडी बाजूला घ्यावी, दोन मिनिटे बाहेर मोकळ्या हवेत उभे राहावे आणि पुन्हा आत डोके घालून हुंगावे. बाहेर वास नाही आणि आत आहे, तर तो गाडीचा. बाहेर आहे, तर बॉनेटपाशी, चाकांपाशी, मागे सायलेन्सरपाशी, असे एकेक ठिकाण हुंगत जावे. मळीचा वास संकेश्वरला मागे राहतो. जो वास आपल्याबरोबर प्रवास करतो, तो आपला.

वासांची नावे आपल्या दोन्ही भाषांत भरपूर आहेत. मराठीत करपट, कुबट, उग्र, आंबूस; कन्नडमध्ये सुट्ट वासने, कमटु वासने. घमघमाटाला तर दोन्हीकडे ‘घमघम’च. या नावांच्या मदतीने गाडीचे दुखणे बरेचसे कळते.

पहिला करपट वास, जळक्या कागदासारखा. परतीच्या वाटेवर तवंदीचा घाट उतरताना हा हमखास येतो. उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवला की ब्रेकचे पॅड तापतात, धूर येतो आणि शेवटी ब्रेक लागेनासा होतो. असा वास आला तर गाडी जपून बाजूला घ्यावी, चाके आपोआप गार होऊ द्यावीत, त्यांवर पाणी मारू नये. मुळात घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरावा. गाडी न्यूट्रल करून तेल वाचवण्याची सवय घाटात जिवावर बेतते. सपाट रस्त्यावर एकाच चाकापाशी असा वास येत असेल, तर तो ब्रेक अडकून राहिला आहे असे समजावे. आणि आधी हँडब्रेक पाहावा. तो अर्धवट ओढलेला राहून गाडी पाच-सात किलोमीटर गेल्याची उदाहरणे प्रत्येक घरात असतात, आमच्याही. चढावर तोच करपट वास आला तर मात्र क्लचचा. ट्रकांच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की क्लच प्लेट घासते. तिथे हँडब्रेक लावून थांबावे आणि क्लचवरचा पाय काढावा. वारंवार वास येऊ लागला, इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही असे झाले, तर प्लेट संपली.

दुसरा जळक्या तेलाचा, भजी तळून झालेल्या कढईसारखा. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे, म्हणजे टॅपेट कव्हरचे पॅकिंग फाटले की ऑइल झिरपून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडते. सकाळी गाडी काढल्यावर खालच्या फरशीवर काळे डाग दिसतात का ते पाहावे. ऑइलची काडी काढून पातळी तपासावी. पातळी ठीक असेल तर गॅरेज गाठता येते, पण दुर्लक्ष करू नये. गरम नळीवर पडलेले तेल पेटूही शकते.

तिसरा जळक्या रबराचा. बहुधा फॅन बेल्ट सैल होऊन घसरतो, तेव्हा चीं चीं आवाजही येतो. कधी एखादा पाइप सुटून गरम भागाला टेकतो. रस्त्यात चिकटलेली प्लास्टिकची पिशवी सायलेन्सरवर वितळूनही असाच वास येतो. म्हणून घाबरण्याआधी गाडीखाली वाकून पाहावे.

चौथा सडक्या अंड्यांचा. पेट्रोलमधल्या गंधकामुळे हा वास येतो. धूर शुद्ध करणारा सायलेन्सरमधला भाग, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, नीट काम करत नसेल तर तो जाणवतो. पूर्वी पेट्रोलमध्ये गंधक जास्त असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे इंधन आले आणि गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भागांवरून १० भागांवर आली. त्यामुळे आता हा वास आला तर ‘पेट्रोलच तसले’ म्हणून सोडू नये. दुसरे कारण बॅटरी. अल्टरनेटर बिघडून बॅटरी जादा चार्ज होऊ लागली की ती तापते, फुगते आणि हाच वास येतो. अशा वेळी बॅटरीतून हायड्रोजनही बाहेर पडतो. उजेडासाठी काडी ओढणाऱ्या उत्साही मंडळींना आधी दूर करावे.

पाचवा जळक्या प्लास्टिकचा. हा वास आला की विचार करत बसू नये. गाडी थांबवावी, चावी बंद करावी, सगळ्यांना उतरवावे. धूर दिसत नसेल आणि जमत असेल तर बॅटरीची वायर सोडवावी. बॉनेटमधून धूर येत असेल तर बॉनेट उघडू नये. आत हवा शिरली की आग भडकते. दूर उभे राहून मदत मागावी. फ्यूज उडाला म्हणून जाड तार बसवणाऱ्या मिस्त्रीपासून सावध राहावे. फ्यूज उडतो तो आपल्याला वाचवण्यासाठीच.

आपल्याकडे याचे मोठे कारण म्हणजे उंदीर. ऊस तुटून शेत मोकळे झाले की उंदीर घरांकडे येतात आणि रात्री उबदार इंजिनावर संसार थाटून वायरी कुरतडतात. त्यावर निपाणीकरांचा उपाय ठरलेला, बॉनेटमध्ये तंबाखूच्या पानांची पुरचुंडी. ज्या तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी हाच महामार्ग अडवला होता, तो तंबाखू आता असाही गाडीत बसून त्या महामार्गावरून जातो. माझ्या मेव्हण्याने अशी पुरचुंडी इंजिनावर टाकून दिली. तिसऱ्या दिवशी ती घसरून सायलेन्सरच्या नळीवर पडली आणि भर रस्त्यात गाडीतून विडीचा वास येऊ लागला. मागे बसलेल्या सासूबाईंनी जावयाकडे असे काही पाहिले की बिचारा अजून खुलासे देतो आहे! हसण्यावारी नेले तरी गोष्ट धोक्याची होती. पुरचुंडी ठेवायचीच असेल तर तापणाऱ्या भागापासून दूर, पक्की बांधून ठेवावी. त्यापेक्षा रोज सकाळी बॉनेट उघडून पाहणे बरे.

सहावा कुबट वास, एसी लावताच येणारा. पावसाळ्यात आपल्याकडे हा घरोघरचा. एसीच्या कॉइलवर ओल राहते आणि बुरशी धरते. मुक्काम यायच्या आधी पाच मिनिटे एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला की कॉइल सुकते. एसीचा फिल्टर वर्षाकाठी तरी बदलावा. एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली तर पाणी आत पायाशी येते, ती मोकळी करून घ्यावी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले होते. तशा पुरात सापडलेल्या गाडीचा कुबटपणा अत्तराच्या बाटलीने जात नाही. सीटा आणि गालिचा काढून उन्हात वाळवावा लागतो. जुनी गाडी घेताना आत फार सुगंध दरवळत असेल, तर गालिच्याचा कोपरा उचलून खाली हात लावून पाहावा.

सातवा पेट्रोलचा उग्र वास. टाकी भरल्यावर क्षणभर आला तर ठीक, झाकण नीट लागले आहे का पाहावे. चालत्या गाडीत येत राहिला तर थांबून इंजिन बंद करावे, आणि गळती सापडेपर्यंत पुन्हा चावी फिरवू नये. गॅस किट असलेल्या गाडीलाही हेच लागू. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मिसळतात. १९३७ साली अमेरिकेतल्या टेक्सासमधील न्यू लंडन या गावच्या शाळेत वास नसलेला गॅस साठून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे जीव गेले, त्यात बहुतेक मुले. त्यानंतर गॅसला वास देण्याचे कायदे झाले. तो घाणेरडा वास म्हणजे त्या मुलांच्या जिवाच्या मोलाने आपल्याला मिळालेला इशारा आहे.

शेवटचा धुराचा. यात माझी दुसरी चूक आहे, पहिलीपेक्षा मोठी. काही वर्षांपूर्वी बेळगावहून निपाणीला एक लाकडी कपाट आणत होतो. ते डिकीत पुरते मावेना, म्हणून डिकीचे दार दोरीने बांधून अर्धवट उघडे ठेवले. मागे माझी दोन्ही मुले. गाडीत धुराचा वास येत होता, पण पुढे ट्रक होता, मी त्याला नावे ठेवत राहिलो. मुले शांत झोपली म्हणून बरे वाटले. संकेश्वरला चहाला थांबलो, मोठ्याला उठवले तर तो उठेना. उठला तो डोके धरून, आणि खाली उतरताच ओकला. धाकटीचेही तसेच. मोकळ्या हवेत अर्ध्या तासाने दोघे सावरली, तरी आम्ही त्यांना तिथेच डॉक्टरांना दाखवले.

धावत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि सायलेन्सरचा धूर उघड्या डिकीतून आत ओढला जातो. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला येतो तो धुराच्या इतर घटकांचा वास. तो इशारा मिळाला हेच नशीब. म्हणून गाडीत धूर जाणवला तर सगळ्या काचा उघडाव्यात, थांबावे, सायलेन्सर फुटला आहे का ते तपासावे. डिकी उघडी ठेवून प्रवास करू नये. यात्रेला गेल्यावर काचा लावून, एसी सुरू ठेवून गाडीत झोपण्याची पद्धत पडते आहे, ती तर मुळीच नको. गाडीत कोणाचे डोके दुखू लागले, पेंग येऊ लागली, तर त्याला प्रवासाचा शीण म्हणून सोडू नये.

बारा दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच वाटेने बेळगावला गेलो. हीटर नवा बसवला होता. संकेश्वरला ट्रॉल्यांची रांग होती, गोड वास होता. मी काच खाली केली, थोडे पुढे जाऊन पुन्हा वर केली आणि आरशातून मागे पाहिले.

“मामा, आता?”

मामांनी डोळे मिटले, नाक वर केले. “आता उसाचा हाय. जा बिनघोर.”

ऑपरेशन चांगले झाले. हल्ली मामांना कुठे न्यायचे असले की पत्नी आपणहून मागे बसते आणि म्हणते, “मामा, तुम्ही पुढं बसा.” मामांना वाटते हा वयाचा मान. तो आहेच. पण मंडळी, खरे सांगायचे तर त्यांच्या नाकाशेजारी बसून गाडी चालवताना मलाच जरा धीर वाटतो.